पिकअपचं नाक किती उचलायचं? लेव्हलिंग किट घेण्याआधी

नवा पिकअप दारात आला की पहिले काही आठवडे माणूस नुसता खूश असतो. मग एक दिवस तो ट्रककडे बाजूने बघतो आणि एकदा दिसलं की दिसतच राहतं: मागची बाजू वर, नाक खाली. त्याच रात्री लेव्हलिंग किटची ऑर्डर जाते. मी डेट्रॉइटजवळ राहतो, पोटापाण्याचं कामही सस्पेन्शनचंच, त्यामुळे इथल्या मराठी मंडळींत कुणी ट्रक घेतला की मला फोन ठरलेला. "दादा, किट आलंय, शनिवारी तुमच्या गराजमध्ये येऊ का?" किट आलंय. मापं घेतली का, तर नाही. मागे काय ओढणार, तर "बघू पुढे".

म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो. यापुढे फोन आला की हेच पाठवणार.

आधी एक गैरसमज काढू. मागची बाजू उंच असणं हा दोष नाही. रिकाम्या ट्रकचा मागचा भाग पुढच्यापेक्षा साधारण दीड ते अडीच इंच उंच ठेवूनच कंपन्या ट्रक बाहेर काढतात. हौद्यात माल पडला किंवा हुकवर ट्रेलर बसला की मागचे पाटे दबतात आणि गाडी सपाट होते. डिझाइन करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर भरलेला ट्रक होता, आपण ड्राइव्हवेत रिकामा बघतो. लेव्हलिंग किट एवढंच करतं, की नाक उचलून हा उतार कमी करतं. ट्रकची भार वाहायची ताकद त्याने कणभरही वाढत नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्टीचं जे स्टिकर असतं, माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील ते सांगणारं, त्यावरचा आकडा किट बसवल्यावरही तोच राहतो.

तेव्हा पहिला प्रश्न किटचा नाही, ट्रेलरचा आहे. तुम्ही काय ओढता? वर्षातून एकदा होम डेपोतून प्लायवूड आणत असाल तर तुमचा ट्रक जन्मभर रिकामाच राहणार, हवा तेवढा सपाट करा. पण उन्हाळ्यात कॅम्पर (राहायचा ट्रेलर) लावून मिशिगनच्या उत्तरेला अप्पर पेनिन्सुलाला जाणार असाल तर गणित वेगळं. साध्या हुकवरच्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार हुकवर यावा लागतो, नाहीतर ट्रेलर मागे डोलायला लागतो. म्हणजे ५,००० पौंडांच्या कॅम्परचे ५०० ते ७५० पौंड तुमच्या बंपरच्याही मागे लटकणार. हुक मागच्या एक्सलच्या पलीकडे असल्यामुळे मागचा भाग दबतोच, शिवाय पुढचा थोडा उचलला जातो. आधीच सपाट केलेला ट्रक अशा वेळी उलार होतो. उलार बैलगाडीत बैलांना जू जड लागत नाही, पण गाडीवर ताबाही राहत नाही. इथेही पुढच्या चाकांवरचा भार घटतो, स्टिअरिंग हलकं लागतं आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जातात.

मापं, आणि ती घ्यायची रीत

ट्रक सपाट काँक्रीटवर उभा करा. उतरत्या ड्राइव्हवेवर घेतलेली मापं फेकून द्यायच्या लायकीची. टायरमध्ये दाराच्या स्टिकरवर लिहिलेली हवा, टाकी निम्मी, हौद्यात नेहमी पडलेली टूलबॉक्स वगैरे तशीच राहू द्या. मग चाकाच्या हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. चारही चाकांना. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते; हबपासून मोजलं की फक्त सस्पेन्शन बोलतं.

यात एक गोम आहे. काही ट्रकची मागची कमान मुळातच पुढच्यापेक्षा वर कापलेली असते. म्हणजे मडगार्डचा फरक दोन इंच आला तरी चासी तेवढी झुकलेली असेलच असं नाही. म्हणून दाराखालच्या पट्टीपासून जमिनीपर्यंतही मोजा, एकदा पुढच्या चाकामागे आणि एकदा मागच्या चाकापुढे. डोळ्याला खटकते ती कमान, आणि रस्त्यावर चालते ती चासी. दोन्ही आकडे कागदावर हवेत.

डाव्या-उजव्या बाजूत पाव ते अर्धा इंच फरक निघाला तर दचकू नका. टोयोटा टकोमा ड्रायव्हरच्या बाजूला किंचित कलते, हे तिच्या मालकांत जगजाहीर आहे. त्या एका बाजूसाठी पाव इंचाची जादा चकती वेगळी मिळते.

आता खरं माप. कॅम्पर किंवा बोट लावा, नेहमीचं सामान भरा, घरच्यांना बसवा आणि तीच मापं पुन्हा घ्या. समजा रिकाम्या ट्रकला पुढे २१ आणि मागे २३ इंच आले. कॅम्पर लावल्यावर मागे साडेएकवीस आणि पुढेही साडेएकवीस. म्हणजे तुमचा ट्रक कामावर असताना आत्ताच सपाट आहे! दोन इंचांचं किट बसवलंत तर कामाच्या वेळी नाक दोन इंच वर. अशा माणसाला मी सरळ सांगतो, एक इंचावर थांब, किंवा वेट डिस्ट्रिब्यूशन हुक घे, म्हणजे मागचा थोडा भार पुढच्या चाकांवर परत येईल. हुकवर नेमके किती पौंड येतात ते बघायला हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल असतात. थोड्या डॉलरमध्ये प्रत्येक एक्सलचं वजन छापून मिळतं.

माझा साधा नियम: रिकाम्या ट्रकचा जो फरक निघेल त्यापेक्षा किमान अर्धा ते पाऊण इंच कमीचं किट घ्या. डोळ्याला ट्रक सपाटच दिसतो, आणि हौद्यात चार पोती पडली तरी नाक आभाळाकडे जात नाही. नॉर्थ कॅरोलायनाने तर २०२१ मध्ये कायदाच केला, की पुढचं मडगार्ड मागच्यापेक्षा ४ इंच किंवा जास्त उंच होईल असा बदल चालणार नाही. तो कायदा मुद्दाम मागचा भाग बसवून नाक उचलणाऱ्या हौशी पोरांसाठी आहे. पण सपाट केलेला ट्रक जड ट्रेलर लावला की त्याच दिशेने सरकतो.

तुमच्या ट्रकच्या पुढे आहे काय?

किट ट्रकच्या नावावर घ्यायचं नसतं, पुढच्या सस्पेन्शनवर घ्यायचं असतं. एफ-१५०, रॅम १५००, टुंड्रा, टकोमा आणि २००७ नंतरच्या नव्या घडणीची सिल्व्हराडो १५००, या सगळ्यांना पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला स्ट्रट आहे. सिल्व्हराडो २५०० एचडीला स्प्रिंगच नाही, लांब टॉर्शन बार आहे, पिळला की ताकद धरणारा. एफ-२५० आणि रॅम २५०० च्या फोर व्हील ड्राइव्हला पुढे अख्खा एक्सल आणि त्यावर कॉइल, म्हणजे वेटोळ्याची स्प्रिंग. तिघांची किट वेगळी, तिघांची दुखणीही वेगळी.

टॉर्शन बारवाल्यांचं आधी उरकतो, कारण त्यांना पहिला इंचभर फुकट मिळू शकतो. बारच्या मागच्या टोकाला एक 'की' (बारला पीळ देणारा छोटा दांडा) आणि ती दाबणारा बोल्ट असतो. बोल्ट आवळला की नाक वर येतं. त्याहून जास्त हवं असेल तर वेगळ्या कोनात कापलेल्या 'की' मिळतात. मात्र चाक खाली जायला जी मोकळीक असते ती तेवढी कमी होते. म्हणून खड्ड्यात चाक उतरलं की धाडकन आवाज येऊ लागला तर जास्त आवळलंय असं समजा. बार सैल करताना त्याचं खास अवजार वापरा, साध्या पुलरचा जुगाड नको. त्या बारमध्ये साठलेली ताकद हात मोडायला पुरेशी असते.

अख्ख्या एक्सलवाल्यांना कॉइलखाली किंवा वर स्पेसर (उंची वाढवणारी जाड कडी), नाहीतर लांब कॉइल. इथे दोन इंचांचा स्पेसर म्हणजे जवळपास दोनच इंच उंची. पण एक्सलला आडवं धरून ठेवणारा ट्रॅक बार लांबीला ठरलेला असतो. ट्रक वर गेला की तो जास्त तिरपा होतो आणि एक्सलला फ्रेमवरच्या आपल्या टोकाकडे ओढतो. चाकं एका बाजूला सरकलेली दिसतात. म्हणून किटमध्ये ट्रॅक बारचा ब्रॅकेट आहे का ते बघा, नसेल तर लांबी बदलता येणारा बार घ्या. या ट्रकना ट्रॅक बारचे बुश (सांध्यातले रबर) सैल असतील तर हायवेवर पुढचा एक्सल अंगात आल्यासारखा थरथरतो. तसे बुश असताना किट बसवायचा विचारही नको.

स्ट्रटवाल्यांसाठी

बहुतेक फोन यांचेच, म्हणून इथे जरा थांबतो.

सगळ्यात स्वस्त किट म्हणजे स्ट्रटच्या डोक्यावर बसणारी चकती. शंभर डॉलरच्या आसपास जोडी येते. पाकीट उघडल्यावर नेहमीचा प्रश्न: "दादा, दोन इंचांचं मागवलं आणि हे तर इंचभरच जाड आहे, फसवलं की काय?" नाही फसवलं. स्ट्रटचं खालचं टोक कंट्रोल आर्मच्या (चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या हाताच्या) साधारण मध्याजवळ असतं आणि चाक असतं आर्मच्या टोकाला. स्ट्रट इंचभर खाली ढकलला की चाक दुपटीच्या जवळपास खाली जातं. पाकिटावरचा आकडा चाकापाशी मिळणाऱ्या उंचीचा असतो. ओळखीच्या लेथवाल्याकडून "दोन इंचांची" चकती कातून घेणारे महाभाग याच कारणासाठी धोक्यात येतात, कारण त्यांच्या हातात जवळपास चार इंचांचं लिफ्ट पडतं.

या चकतीचा फायदा असा की स्प्रिंग उघडावी लागत नाही. तोटा असा की स्ट्रट अख्खा खाली सरकतो, त्यामुळे चाक हवेत लोंबकळतं तेव्हा आर्म कारखान्याने ठरवल्यापेक्षा खाली जातो. वरच्या बॉल जॉइंटचा (आर्मच्या टोकाच्या गोल सांध्याचा) कोन ताणला जातो, काही ट्रकमध्ये वरचा आर्म स्प्रिंगला किंवा तिच्या वाटीला टेकतो, आणि फोर व्हील ड्राइव्ह असेल तर सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा सांधा) वाकडा फिरतो. दीड-दोन इंचांपर्यंत बहुतेक ट्रक हे सोसतात. अडीचच्या पुढे गेलात तर नवे अप्पर कंट्रोल आर्म घेतल्याशिवाय हात लावू नका, आणि ते आर्म स्वस्त नसतात.

दुसरा प्रकार स्प्रिंगच्या आत, वाटीत बसणाऱ्या स्पेसरचा. तो स्प्रिंगला आधीच दाबून ठेवतो. स्ट्रटची एकूण लांबी बदलत नाही म्हणून बॉल जॉइंट वाचतो, पण खाली जायची मोकळीक कमी होते. शिवाय स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून दाबावी लागते. भाड्याने मिळणाऱ्या दोन दांड्यांच्या कॉम्प्रेसरवर ट्रकची स्प्रिंग दाबायचं धाडस मी माझ्या गराजमध्ये कुणाला करू देत नाही. स्ट्रट सुटा काढा, दुकानात न्या, भिंतीवरच्या प्रेसवर काम करून आणा.

तिसरा प्रकार माझ्या आवडीचा: कंपनीचा शॉकअप काढून त्याजागी उंची ठरवता येणारा शॉकअप. बिलस्टाइन ५१०० हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. त्याच्या नळीवर खाचा असतात, स्नॅप रिंग ज्या खाचेत बसवाल त्यावर स्प्रिंगची वाटी आणि पर्यायाने ट्रकची उंची ठरते. मोकळीक इथेही कमी होते, पण शॉकअपचं दमन (हादरे जिरवणं) त्या उंचीचा विचार करून ठेवलेलं असतं. चकतीपेक्षा काही पट महाग पडतं. पण ट्रक साठ-सत्तर हजार मैल चालला असेल तर मूळ शॉकअप तसेही थकलेले असतात. त्यांच्यावर चकती चढवायची आणि वर्षभराने शॉकअप बदलायला पुन्हा सगळं उघडायचं, ही दुप्पट मजुरी झाली. पूर्ण कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंगसकट अख्खा नवा स्ट्रट, हा चौथा प्रकार, हजार डॉलरच्या वर. दगडधोंड्यांत ट्रक घालणार असाल तरच.

चकतीच घेणार असाल तर धातू बघा. अमेरिकेच्या उत्तरेकडे, आमच्या मिशिगनमध्ये तर नक्कीच, हिवाळाभर रस्त्यावर मीठ असतं. ॲल्युमिनियमची चकती आणि स्टीलचे बोल्ट यांच्यात मिठाचं पाणी गेलं की दोघं एकमेकांना धरून बसतात. पुढे स्ट्रट काढताना बोल्ट तुटतो. बोल्ट जाम होऊ न देणारं अँटी-सीझ ग्रीस लावा, आणि कोटिंग केलेलं स्टील मिळत असेल तर ते घ्या.

ऑर्डर देण्याआधी आणखी काही गोष्टी पडताळा. टू व्हील की फोर व्हील, मॉडेलचं वर्ष, आणि ट्रकला इलेक्ट्रॉनिक शॉकअप किंवा एअर सस्पेन्शन आहे का. असेल तर उंची मोजणाऱ्या सेन्सरचं काय करायचं ते किटने सांगितलेलं असायला हवं. रॅमच्या एअर सस्पेन्शनला साधी चकती लावायची नाही. आणि ट्रक कारखान्यातूनच उचललेला नाही ना, हेही. सिल्व्हराडो ट्रेल बॉस २ इंच वर येते, कारखान्याने आपला वाटा आधीच वापरलेला असतो. लिफ्टवर लिफ्ट आणि स्पेसरवर स्पेसर कधीही चढवू नका.

बरेच जण उंची मागतात ती खरं तर टायरसाठी. २७५/६५ आर १८ चा टायर सुमारे ३२ इंची, २७५/७० आर १८ चा ३३ इंची. तेवढी वाढ दोन इंचांच्या आत सहसा बसते, पण स्टिअरिंग पूर्ण वळवून मडगार्डचं अस्तर घासतंय का ते बघा. स्पीडोमीटर मग सव्वातीन-साडेतीन टक्के कमी दाखवतो: काटा ७० वर, तुम्ही ७२ च्या वर. तिकीट देणारा पोलीस टायरचा हिशेब ऐकत नाही.

वॉरंटीची भीती सगळ्यांना असते. १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा असा, की बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून डीलर अख्खी वॉरंटी रद्द करू शकत नाही. त्या भागामुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. इंजिनची वॉरंटी चकतीने जात नाही. पण बॉल जॉइंट किंवा सीव्हीचं रबरी बूट फाटलं तर तुमची बाजू पडती, हे गृहीत धरा. कोल्हापूरहून माझा आतेभाऊ त्याच्या हायलक्स पिकअपला किट लावू का विचारतो, त्याला मात्र मी आधी आरटीओत पाठवतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीच्या मूळ तपशिलांविरुद्ध बदल चालणार नाहीत असं सांगितलंय.

बसवताना आणि नंतर

डोक्यावरची चकती घरी बसवता येते, दोन माणसं आणि एक शनिवार पुरतो. जॅकवर विसंबून ट्रकखाली जायचं नाही, जॅक स्टँड लागतातच. दोन्ही बाजूंच्या स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर ट्रकला कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंक आधी सोडा, एकच सोडली तर दुसरी बाजू आर्मला खाली येऊ देत नाही. सुटलेला नकल (चाकाचा हब धरणारा भाग) ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. एबीएसची वायर ताणली जातेय का ते चाक पूर्ण खाली असताना बघा. नट किती आवळायचे ते तुमच्या ट्रकच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या, व्हिडिओतल्या माणसाकडून नको.

एक गोष्ट दुकानंसुद्धा चुकवतात. कंट्रोल आर्मच्या बुशचे बोल्ट सोडले असतील तर ते चाक हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. ट्रक जमिनीवर उतरवा, दोनदा दाबून बसवा, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

त्यानंतर अलाइनमेंट. हा पर्याय नाही, किटच्या किमतीतच धरा. नाक वर गेलं की कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कल) कमी होतो आणि हायवेवर ट्रक भरकटल्यासारखा वाटतो, टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते) बदलला तर टायर एका बाजूने खातो. छापील रिपोर्ट मागा आणि कॅस्टरचा आकडा स्वतः वाचा. "हिरव्यात आहे", म्हणजे मर्यादेत आहे, एवढ्यावर बिल देऊ नका. समोरच्या काचेत कॅमेरा आणि बंपरमागे रडार असेल तर उंची बदलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशन लागतं का, हे कंपनीच्या पुस्तिकेत बघा.

दिव्यांचं काम स्वतः करता येतं, पण तयारी किट बसवायच्या आधी लागते. भिंतीपासून २५ फुटांवर ट्रक उभा करून लो बीमच्या वरच्या कडेला भिंतीवर टेप चिकटवा आणि दिव्याची जमिनीपासून उंची लिहून ठेवा. एफ-१५० क्रू कॅबचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) साधारण १४५ इंच; नाक दोन इंच उचललं की २५ फुटांवर झोत चार इंच आणखी वर चढतो, दिवा स्वतः वर गेला ती उंची वेगळी. ३०० फुटांवर तोच फरक चार फुटांच्या पुढे जातो, म्हणजे समोरच्या सेडानच्या काचेत. किटनंतर ट्रक त्याच जागी उभा करा, दिवा जेवढा वर गेला तेवढीच टेप वर सरकवा आणि दिव्यामागचा स्क्रू फिरवून झोत टेपपर्यंत उतरवा. चाकांचे नट शंभर मैलांच्या आत, आणि बाकीचे बोल्ट पाचशे मैलांनी, टॉर्क रेंच लावून पुन्हा बघा. तेव्हाच हबपासूनचं मापही परत घ्या. स्प्रिंग जागेवर बसल्यावर पाव इंच उंची उतरली तर ते साधं आहे. एकाच बाजूने अर्धा इंच उतरली असेल तर ती बाजू उघडा, चकती नीट बसलेली नाही.